जपानची चिनी माती मनगटावर: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सेइको कंपनीच्या प्रेसाज मालिकेतील एका घड्याळावर मी छोटी नोंद लिहिली होती. जपानमधल्या आरिता या गावी ज्या मातीची भांडी चारशे वर्षे घडत आली, त्याच मातीची तबकडी भट्टीत भाजून या घड्याळात बसवतात, एवढेच तीत सांगितले होते. त्यावर सोलापुरातून अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

आमच्या घरी लोणच्याच्या बरण्या चिनी मातीच्या आहेत, कपबश्याही आहेत. मग घड्याळाच्या डायलमध्ये असे काय वेगळे आहे, की ज्यासाठी लाखाच्या पुढे पैसे मोजावेत?
(निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

आपला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तराची सुरुवात मी आपल्या बरणीपासूनच करतो. बरणी उलटी करा आणि तळाच्या कडेवरून बोट फिरवा. तिथे झिलई नसते, त्यामुळे बोटाला खरखर लागते आणि रंगही पिवळट किंवा करडा दिसतो. याचा अर्थ बरणीचा पांढरेपणा वरच्या झिलईचा आहे, आतली माती पांढरी नाही. आपण तिला चिनी माती म्हणत असलो तरी ती बहुधा स्टोनवेअर या जाड, दणकट जातीची असते. खऱ्या पोर्सेलीनची आतली मातीच पांढरी असते, ती भाजून काचेसारखी घट्ट झाल्यामुळे पाणी शोषत नाही, आणि पातळ कप उजेडासमोर धरला तर बोटांची सावली पलीकडून दिसते.

ही पांढरी माती चीनला आणि कोरियाला शतकानुशतके ठाऊक होती, जपानला मात्र सतराव्या शतकापर्यंत ती साधलेली नव्हती. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा क्यूशू बेटावरच्या सरदारांनी परतताना तिथले कुंभार बरोबर आणले. पकडून आणले असे म्हणणे अधिक खरे. त्यांच्यापैकी यी साम-प्योंग यांना आरिताजवळच्या इझुमियामा इथे पोर्सेलीनचा दगड सापडला असे परंपरा सांगते. ते वर्ष १६१६ मानतात, आणि म्हणून २०१६ मध्ये आरिताने आपल्या कलेची चारशे वर्षे साजरी केली. गावातल्या तोझान देवस्थानाची कमानसुद्धा चिनी मातीची आहे, आणि वरच्या टेकडीवर या कोरियन कुंभाराचे स्मारक आहे. परमुलखातून बळाने आणलेल्या कारागिराला गावाने पुढे आद्यपुरुषाचा मान दिला, ही गोष्ट मला त्या डायलच्या पांढऱ्या रंगाइतकीच मोलाची वाटते. आरिताचा माल जवळच्या इमारी बंदरातून बाहेर जात असे. त्यामुळे देवगडचा आंबा रत्नागिरी म्हणून खपावा, तशी आरिताची भांडी युरोपात इमारी या नावाने गाजली. डच ईस्ट इंडिया कंपनी सतराव्या शतकाच्या मध्यापासून ती जहाजाने नेत होती.

आता डायलकडे येतो. ही डायल आरितातल्या शिन-गामा या भट्टीत होतात. भट्टीची स्थापना १८३० सालची, आणि डायलचे काम हिरोयुकी हाशिगुची या कारागिरांच्या देखरेखीखाली चालते. पहिली घड्याळे २०१९ मध्ये बाजारात आली. माती साच्यात ओतून डायलचा आकार देतात, वाळवतात आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. नंतर हाताने झिलई देऊन पुन्हा भाजतात. मग काट्यांसाठी मधले छिद्र आणि तारखेची खिडकी लेझरने कापतात, आणि कापल्यावर तिसऱ्यांदा भट्टीत घालतात. छिद्र आधीच का पाडून ठेवत नाहीत, असे आपल्याला वाटेल. पोर्सेलीन भाजताना साधारण १० ते १५ टक्के आकसते. बशी चिमूटभर लहानमोठी झाली तर कोणाचे काही बिघडत नाही, पण घड्याळाच्या मशीनला केसभर फरकही चालत नाही, कारण काट्यांची दांडी ठरलेल्या जागीच वर येते. म्हणून माती आकसून स्थिर झाल्यावरच मोजून कापावे लागते. शिवाय साधे पोर्सेलीन डायलइतके पातळ केले तर ठिसूळ ठरते. यासाठी नेहमीपेक्षा चौपटीहून अधिक मजबूत असे मिश्रण वापरल्याचे कंपनी सांगते.

गेल्या उन्हाळ्यात एका ग्राहकाने असे घड्याळ पट्टा बदलण्यासाठी माझ्याकडे आणले होते. पट्ट्याचे काम पाच मिनिटांचे होते, पण घड्याळ मी अर्धा तास भिंगाखाली पाहत बसलो, आणि त्यांनीही घाई केली नाही. धातूच्या डायलमध्ये तारखेच्या खिडकीची कड सुरीने कापल्यासारखी धारदार असते. इथे ती कड आतल्या बाजूला अलगद वळलेली होती, दोन दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीची कड असते तशी. तिसऱ्या भाजणीत झिलई वितळून कडेवर जी उतरते, तिची ही खूण होती. पांढरा रंगही रंगवलेल्या डायलसारखा सपाट नव्हता. नीळ दिलेल्या धोतरात असते तशी निळसर झाक त्याच्या आत खोलवर होती, आणि घड्याळ तिरके केले की झिलईवरून दिव्याचा ठिपका तुटल्याशिवाय सरकत जाई.

पैशांविषयी स्पष्ट सांगतो. या घड्याळाच्या साध्या तीन काट्यांच्या प्रकारात सहा-आर-पस्तीस नावाचे ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे मशीन आहे. ते चांगले मशीन आहे, पूर्ण चावी भरली की ७० तास चालते; पण तेच मशीन कंपनीच्या याहून स्वस्त घड्याळांतही मिळते. तेव्हा वरचे पैसे मुख्यतः डायलचे आणि एकंदर बांधणीचे आहेत. भिंगाखाली मी जे पाहिले त्याची ज्याला ओढ वाटेल त्याने ते जरूर द्यावेत. केवळ वेळ पाहायची असेल, तर त्याच्या शंभराव्या हिश्शात काम होते.

माझे वडील रेल्वेत होते. त्यांचे खिशातले घड्याळ माझ्याकडे आहे. त्याचे डायल अजून पांढरेशुभ्र आहे, मात्र त्यावर केसासारख्या बारीक रेषा गेल्या आहेत. हे डायल आपण वर्णन केलेल्या चिनी मातीचेच असेल का? रेषा भरून निघतील का?
(निवृत्त रेल्वे कर्मचारी, सोलापूर)

आपण बरोबर पाठवलेले छायाचित्र पाहता ते डायल मिन्याचे आहे. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी असतात आणि दुकानदारही त्यांत गल्लत करतात, पण त्यांची जात वेगळी आहे. चिनी मातीचे डायल आतून-बाहेरून मातीचेच असते. मिन्याच्या डायलला आत तांब्याचा पत्रा असतो. त्यावर काचेची बारीक पूड पसरून ती साधारण ८०० अंशांना वितळवतात. पत्रा वाकू नये म्हणून मागच्या बाजूलाही मिना देतात. ओळखायचे कसे, तर कडेला टवका उडालेला असेल तिथे पाहावे. खाली काळपट धातू दिसला तर तो मिना, आणि तुटलेली जागासुद्धा पांढरी दिसली तर ती चिनी माती. आपल्या छायाचित्रात सहाच्या आकड्याजवळ टवका आहे आणि तिथे धातू स्पष्ट दिसतो.

ही पद्धत युरोपातून जपानमध्ये गेली आणि तिथे चांगली रुजली. १९१३ मध्ये सेइकोने लॉरेल नावाचे घड्याळ काढले. जपानमध्ये तयार झालेले ते पहिले मनगटी घड्याळ, आणि त्याचे डायल मिन्याचेच होते. आजही प्रेसाज मालिकेत मिन्याची डायल निघतात. ती मित्सुरू योकोसावा आणि त्यांचे सहकारी करतात. मिन्याचा थर कुठे कमी-अधिक झाला की भाजल्यावर डाग किंवा फोड दिसतो, म्हणून हवा आणि आर्द्रता पाहून दर दिवशी मिश्रण थोडे बदलावे लागते. हे काम पाहून शिकायचे आणि वर्षानुवर्षे करून मुरवायचे असते.

रेषांविषयी आता. घड्याळ कधीतरी पडलेले असते, किंवा काटे काढताना डायलवर दाब आलेला असतो, त्यातून त्या येतात. हा दुसरा प्रकार माझ्या हातून घडलेला आहे. धंद्यात नवा असताना मी असेच एक खिशातले घड्याळ उघडले, काटा घट्ट बसलेला होता, म्हणून उचकटणी थेट डायलवर टेकवून जोर दिला. बारीक टिक् असा आवाज झाला आणि मधल्या छिद्रापासून नऊच्या आकड्यापर्यंत रेष गेली. ज्यांचे घड्याळ होते त्यांनी मला एका शब्दाने बोलले नाही, तरी ती रेष अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून उचकटणीखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवल्याशिवाय मी काटा काढत नाही.

अशी रेष भरून निघत नाही. तिच्यात शिरलेला मळ काढला की ती फिकी होते, इतकेच करता येते. ते कामही डायल सुटे करून जाणकाराच्या हातून करून घ्यावे. घरी लिंबू, सोडा, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. माझे मत विचाराल तर त्या रेषा तशाच राहू द्याव्यात. इतक्या वर्षांत पांढरा रंग तसूभरही पिवळा पडलेला नाही, याकडे आपण लक्ष द्यावे. रंग लावलेली डायल उन्हाने आणि दमटपणाने पिवळी पडतात. भट्टीतून निघालेला पांढरा रंग हा मुळात लावलेला रंग नसतो. म्हणून तो उडत नाही.

आमचा सराफीचा व्यवसाय आहे आणि मीनाकारीची कामे आम्ही करून घेतो. जपानी घड्याळांत शिप्पो असा शब्द वाचला. ती आपली मीनाकारीच का?
(सराफ, सोलापूर)

एकाच घराण्यातली आहेत. धातूवर काच वितळवणे हे मूळ तंत्र दोन्हींत आहे. शिप्पो म्हणजे सात रत्ने, बौद्ध परंपरेतील सप्तरत्ने. मिन्याच्या रंगांची झळाळी पाहून हे नाव पडले. जुन्या शिप्पो कामात पातळ तारेच्या भिंती उभ्या करून त्यांच्यामध्ये रंग भरतात, आणि आपल्या मीनाकारीत धातू कोरून खळग्यांत भरतात, हा ठळक फरक. नागोया शहरातल्या १८८० मध्ये स्थापन झालेल्या आंदो या पेढीने सेइकोसाठी निळी शिप्पो डायल केली, त्यांत तारा नाहीत. डायलच्या धातूवर आधी लाटांची नक्षी उठवलेली आहे आणि वरून पारदर्शक निळा मिना दिला आहे, त्यामुळे नक्षी पाण्याखाली असल्यासारखी दिसते. आपण सोन्यावरच्या पारदर्शक लाल-हिरव्या मिन्यात खालची कोरणी चमकताना पाहिली असेल; परिणाम तोच, रंग निराळा.

मी कुंभार वेशीत राहतो. आमच्या घरात माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडी असे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्या मातीतून घड्याळाचे डायल होऊ शकेल का?
(विद्यार्थी, कुंभार वेस)

आलेल्या सर्व पत्रांत मला हे पत्र सर्वांत आवडले, म्हणून याला जरा सविस्तर उत्तर देतो.

आपल्या मातीतून पांढरे पोर्सेलीन होणार नाही. सोलापूरच्या मातीत लोह आहे, ते भाजल्यावर तांबडे होते, आणि म्हणूनच आपली सुगडी तांबडी निघतात. तेच लोह आणि इतर क्षार माती लवकर वितळवतात. आव्यातले तापमान साधारण ८०० ते ९०० अंशांच्या आसपास असते, तिथवर माती उत्तम भाजते; तीच १३०० अंशांच्या भट्टीत घातली तर फुगेल, वाकेल, शेवटी गोळा होऊन बसेल. पोर्सेलीनला केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड असे तिन्ही लागते. केओलिन हे नावच चीनमधल्या एका टेकडीवरून आलेले आहे. आरिताचे नशीब असे की, तिथल्या दगडातच आवश्यक घटक एकत्र होते. दगड कुटायचा, पाण्यात निवळायचा, आणि माती तयार. तो साठा पुढे कमी झाला आणि आज आरितात लागणारा दगड मुख्यतः अमाकुसा बेटांवरून येतो, म्हणजे कच्चा माल बाहेरून आणला तरी कला गावाचीच राहिली. आपल्या देशात केरळमध्ये थोन्नक्कल भागात चांगले केओलिन निघते, तेव्हा माती मिळणे ही खरी अडचण नाही. अडचण त्या तापमानाच्या भट्टीची आणि मापाची आहे.

मापाचा हिशोब करून पाहा. भाजल्यानंतर ३० मिलिमीटर व्यासाचे डायल हवे असेल आणि माती १३ टक्के आकसत असेल, तर ओले डायल साडेचौतीस मिलिमीटरचे घ्यावे लागेल. आकसणे सगळीकडून सारखे व्हायला हवे, नाहीतर गोलाचा लंबगोल होतो. इतक्या पातळ चकतीची कड वाळतानाच वर उचलली जाते. पापड वाळताना उचलला जातो तशी. पणती थोडी वाकडी असली तरी तेल धरते, पण डायल वाकडे असले की काटा त्याला घासतो आणि घड्याळ थांबते.

तरीही तुम्हाला करून पाहायचेच असेल, तर दोन वाटा आहेत. पहिली तुमच्याच तांबड्या मातीची. अगदी बारीक वस्त्रगाळ केलेली माती घ्या, चकती दोन सपाट फरशांच्या मध्ये ठेवून सावलीत हळूहळू वाळवा, मधले छिद्र भाजल्यानंतर पाडा, आणि ती मनगटी घड्याळाऐवजी आधी भिंतीवरच्या घड्याळात बसवा. भिंतीवरच्या क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या मशीनची दांडी लांब असते, त्यामुळे चार-पाच मिलिमीटर जाडीही चालून जाते. तांबड्या मातीवर पांढऱ्या खडूच्या मातीने काढलेले आकडे फार सुंदर दिसतील, आणि ते घड्याळ कोणत्याही जपानी घड्याळाची नक्कल ठरणार नाही. दुसरी वाट जयपूरच्या ब्लू पॉटरीची. तिच्यात कुंभारकामाची नेहमीची माती नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड आणि डिंक असे मिश्रण साच्यात दाबून बनवतात आणि आव्याच्या जवळपासच्या तापमानाला भाजतात. पांढऱ्या अंगावर निळे काम हवे असेल, तर आपल्या हाताशी असलेल्या साधनांत ही वाट जवळची आहे. पहिले डायल जमले की मला जरूर आणून दाखवा. मशीन आणि काटे मी बसवून देईन.

शोरूममध्ये सिरॅमिक घड्याळ म्हणून जी काळी चकचकीत घड्याळे मिळतात, ती हीच का?
(गृहिणी, होटगी रोड)

नाही. त्यांत सिरॅमिक हे केसचे, म्हणजे बाहेरच्या घराचे आणि पट्ट्याच्या कड्यांचे असते, आणि ते झिर्कोनियम ऑक्साइड या पदार्थाचे बनते. राडो कंपनीने १९८६ पासून ते मनगटी घड्याळांत रूढ केले. ते चरे पडू देत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याचा आरिताच्या मातीशी संबंध भाजण्यापुरताच आहे.

मी ऑनलाइन एक घड्याळ पाहिले. किंत्सुगी डायल, जपानी मातीकामापासून प्रेरित, असे त्यावर लिहिले होते. पांढऱ्या डायलवर सोनेरी भेगा आहेत आणि किंमत पाच हजारांच्या आत आहे. हे खरोखर फुटलेले डायल जोडून केलेले असते का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विजापूर रोड)

त्या किमतीत तसे होणे शक्य नाही, आणि याचे कारण किंत्सुगीच्या कामातच आहे. फुटलेल्या भांड्याचे तुकडे उरुशी या झाडाच्या चिकाने जोडतात, सांध्यावर त्याच चिकाची रेघ ओढतात आणि ती ओली असताना तिच्यावर सोन्याची पूड टाकतात. उरुशीचा चीक आपल्या रंगासारखा उन्हात वाळत नाही. त्याला ऊबदार, दमट हवा लागते. तो त्या हवेतच घट्ट होतो, म्हणून भांडे बंद पेटीत ओलावा राखून ठेवतात. एका वाडग्याला कित्येक आठवडे लागतात. आपण पाहिलेल्या घड्याळात पितळेच्या चकतीवर पांढरा रंग आणि त्यावर छापलेली सोनेरी रेघ असणार.

"प्रेरित" या शब्दाकडे नीट पाहावे, असे मी सगळ्याच वाचकांना सुचवतो. प्रेरित म्हटले की रंग किंवा नक्षी तिथून घेतली, एवढाच त्याचा अर्थ असतो. डायल कशाचे आहे हे माहितीपत्रकात वेगळे लिहिलेले असते, आणि तिथे पोर्सेलीन, मिना असा शब्द नसेल तर ते धातूचे समजावे. यात फसवणूक असतेच असे नाही. ग्रँड सेइकोचे बर्फासारखे डायल प्रसिद्ध आहे. ते पाहून अनेकांना चिनी मातीची किंवा हातकागदाची आठवण होते, पण ते पूर्णपणे धातूचे आहे, कंपनी तसेच सांगते, आणि धातूवर असा पोत उठवणे ही स्वतंत्र कला आहे. सिटिझन कंपनीच्या काही घड्याळांत वाशी हा जपानी हातकागद मात्र खराखुरा वापरलेला असतो. जे आहे ते सांगितले, तर पितळेच्या डायलबद्दलही माझी तक्रार नाही.

छापलेल्या भेगेविषयी मात्र माझे मन निवळत नाही. किंत्सुगीत मोल आहे ते त्या विशिष्ट वाडग्याचे: तो कोणाचा तरी होता, कोणाच्या तरी हातून फुटला, आणि टाकून न देता कोणीतरी तो आठवडेच्या आठवडे जोडत बसला. न फुटलेल्या वस्तूवर हजारो प्रतींत एकाच जागी तीच भेग छापली की यातले काहीच उरत नाही. रंगसंगती आवडली असेल तर घड्याळ अवश्य घ्या, पाच हजारांत ते वाईट नाही. त्याला किंत्सुगी म्हणू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

माझा यंत्रमागाचा कारखाना आहे. एप्रिल-मे महिन्यांत शेडमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे असतो, आणि घरी व कारखान्यातही शहाबादी फरशी आहे. असे घड्याळ इथे टिकेल का? आणि इतक्या किमतीचे घड्याळ दिवसाला काही सेकंद पुढे-मागे जाते असे ऐकले, ते खरे का?
(यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड)

उन्हाची काळजी डायलपुरती तरी करू नका. जे १३०० अंशांची भट्टी सोसून, तीनदा भाजून आले आहे, त्याला सोलापूरच्या मे महिन्याचे काय वाटणार. उन्हाचा त्रास इतर भागांना होतो. मशीनमधले तेल लवकर सुकते, पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी कडक होतात, आणि चामड्याचा पट्टा घामाने एका हंगामात कुजतो. उन्हाळ्यात कापडी किंवा स्टीलचा पट्टा वापरा. मोटारीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नका. तिथे तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जाते.

शेडमध्ये ते घालू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मागाची धडधड आणि मोटारी हे आहे. सततचा हादरा कोणत्याही ऑटोमॅटिक मशीनला मानवत नाही, आणि मोठ्या मोटारीला अगदी खेटून काम केले तर केसकमानीत, म्हणजे मशीनची लय राखणाऱ्या बारीक कमानीत, चुंबकत्व शिरून घड्याळ एकदम पुढे पळू लागते. चुंबकत्व काढणे सोपे आहे, पाच मिनिटांचे काम आहे, पण पुन्हा पुन्हा कशाला.

फरशीची भीती खरी आहे. शहाबादीवर कमरेइतक्या उंचीवरून घड्याळ पडले, तर धातूचे डायल वाचते आणि मशीनला दुखापत होते. मातीच्या डायलला मशीनबरोबर तडाही जाऊ शकतो. सुधारित मिश्रणामुळे हा धोका बराच कमी झाला आहे, संपलेला नाही. तडा गेला तर दुरुस्ती नसते, कंपनीकडून नवे डायल मागवावे लागते. घड्याळ घालताना आणि काढताना गादीवर बसून घाला-काढा. बहुतेक घड्याळे याच वेळी हातातून निसटतात.

सेकंदांचे आपण ऐकले ते खरे आहे. सहा-आर-पस्तीस मशीनसाठी कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला २५ सेकंद पुढे ते १५ सेकंद मागे अशी आहे. ते तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला सहा, आणि कमानीवर चालणाऱ्या वस्तूला हवामान, मनगटाची हालचाल, रात्री घड्याळ कोणत्या कुशीवर ठेवले, या सगळ्याचा फरक पडतो. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात जेवढे चुकते, तेवढे हे एखाद्या दिवसात चुकू शकते. गंमत अशी की, जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ डिसेंबर १९६९ मध्ये बाजारात आणणारी कंपनीही सेइकोच. आपल्या पिढीने एचएमटीची घड्याळे रोज सकाळी चावी देऊन आणि रेडिओच्या बातम्यांवर लावून वापरली. ती बनवायलाही १९६१ पासून बंगळुरूमध्ये सिटिझन या जपानी कंपनीचेच तंत्रज्ञान आले होते. तेवढी सवय पुन्हा लावून घ्यायची तयारी असेल, तर या फरकाचा त्रास होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. सर्व्हिसिंगसाठी घड्याळ उघडायला देताना डायल चिनी मातीचे आहे हे आपण होऊन सांगा. धातूच्या डायलच्या पाठीला डाख दिलेले दोन पाय असतात आणि घड्याळजींचा हात त्याला सरावलेला असतो. मातीला थेट डाख बसत नाही, त्यामुळे तिला धरून ठेवण्याची रचना वेगळी असते आणि सवयीने तिथे जोर दिला तर कड उडते. काटे काढण्यापूर्वी उचकटणीखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवला आहे का, हे समोर उभे राहून पाहा. चांगल्या घड्याळजीला त्याचा राग येणार नाही.